गंगाराम सारंगांचा झोपाळा

चालत्या टेम्पोत झोपाळ्यावर बसून रत्नागिरी शहरात शिरणारा मी पहिलाच चष्मेवाला असावा. दुसरा कोणी असेल तर त्याने शिवलकर चष्मेवाल्याच्या, म्हणजे माझ्या, दुकानी यावं. मी चहा मागवीन, शटर अर्धं खाली ओढीन आणि आम्ही दोघं थोडा वेळ काही न बोलता बसू. त्या दुपारी ज्यांनी मला पाहिलं, आणि जवळजवळ सगळ्यांनीच पाहिलं, त्यांनी माझ्याविषयी जी मतं बनवली ती अपुऱ्या माहितीवर बनवलेली आहेत. ती माहिती पुरवावी एवढाच या लिखाणाचा हेतू.

आमच्याकडे 'दिलासा' नावाचं मंडळ आहे. कॅन्सर झालेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना लागेल ते पुरवायचं, हे मंडळाचं काम. वरखाली होणारी खाट, वॉकर, चाकांची खुर्ची, मुंबईत इस्पितळाजवळ उतरायला खोली, आणि यातलं काहीच नको असेल तर नुसतं जाऊन बसणारं माणूस. अध्यक्षा कमळाताई. त्या पूर्वी मेट्रन होत्या. नोकरीतून त्या निवृत्त झाल्या, त्यांचा आवाज मात्र अजून ड्यूटीवर आहे. त्या एकदा वाचायचा चष्मा करायला माझ्या दुकानात आल्या आणि जाताना मला मंडळाचा साहित्यप्रमुख करून गेल्या. साहित्यप्रमुख म्हणजे ज्याच्याकडे गोदामाची किल्ली असते आणि खाट तिसऱ्या मजल्यावर चढवताना जो खालच्या बाजूला असतो तो.

तर माघातल्या एका सकाळी आम्ही अशीच एक खाट गंगाराम मयेकरांच्या घरी चढवली. मयेकर मूळचे जयगडचे. सगळा जन्म बोटीवर गेला, शेवटी सारंग झाले. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. गावात त्यांना आडनावाने कोणी ओळखत नाही, सारंग म्हटलं की झालं. पोटाचा कॅन्सर निघाला तेव्हा मुलीने, ज्ञानेश्वरीने, त्यांना आणि त्यांच्या पत्नीला, मालनकाकींना, शहरात आपल्या फ्लॅटवर आणलं. इमारतीचं नाव सागरदर्शन. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, आणि दृष्टी चांगली असेल तर त्या टाकीवरचं कंपनीचं नावही वाचता येतं.

ऑपरेशन झालं होतं, मुंबईत केमोचे दोन डोस झाले होते, डॉक्टर खूश होते. तिसरा डोस येत्या मंगळवारी. आणि सारंगांनी जाहीर केलं होतं की ते जाणार नाहीत. कारण विचारलं की एकच उत्तर, झोप नाय. झोपेशिवाय अंगात जोर नाही आणि जोराशिवाय मुंबईला जाऊन काय करायचं. डोस चुकला तर मागचे दोन पाण्यात जातील असं डॉक्टरांनी ज्ञानेश्वरीला फोनवर बजावलं होतं. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिच्या मागच्या फळीवर झोपेच्या गोळ्यांची रांग असते, पण वडील एकही गोळी घ्यायला तयार नव्हते. ती मला जिन्यात म्हणाली, "काका, मंगळवारपर्यंत काहीतरी करा." माझ्या धंद्यात लोक मला इतकंच सांगतात की काका, जवळचं दिसत नाही. मला भरून आलं आणि मी होकार देऊन बसलो.

खाट सारंगांना पसंत पडेना. तिची करामत दाखवावी म्हणून मी स्वतः तिच्यावर आडवा झालो आणि सारंगांना म्हटलं, हा दांडा फिरवा. त्यांनी मन लावून फिरवला. डोकं वर आलं, मग पाय वर आले, मग दांडा त्यांच्या हातात आला. मी दोन्ही बाजूंनी मिटत गेलो आणि माझे गुडघे माझ्या चष्म्याला लागले. मालनकाकींनी मला त्या अवस्थेतच चहा विचारला. सारंग दांडा बघत म्हणाले, "वर जाते, खाली जाते. पण हालत नाय. चाळीस वर्सां हालत झोपलोय मी."

ही बातमी मी बाहेर पडेपर्यंत अख्ख्या जिन्याला कळली होती. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी काशाच्या वाटीने तळपायांना तूप घासायला सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर जायफळ उगाळून द्यायचं ठरलं. तिथल्याच एका सुनेने मोबाइलवर समुद्राची गाज लावून उशाशी ठेवायला सुचवलं. ते मी करूनही पाहिलं. सारंगांनी ती गाज कान देऊन ऐकली आणि म्हणाले, हा किनारा आपला नाही, इथे खडक नाहीत. त्यानंतर ते रात्रभर तो किनारा कुठला असेल याचा विचार करत जागे राहिले, असं मालनकाकींनी सांगितलं. मालनकाकींना हे माहीत होतं याचा अर्थ त्याही जाग्या होत्या. पण हा हिशेब मला तेव्हा सुचला नाही.

झोपाळ्याची कल्पना राजश्रीची, म्हणजे माझ्या बायकोची. मला तिचं श्रेय घ्यायचं होतं, पण पुढे जे झालं त्यानंतर ते तिलाच राहू दे असं मी ठरवलं. तिच्या दमयंतीमावशी पावसला राहतात. भोवती हापूसची बाग, आणि पडवीत फणसाच्या फळीचा असा मोठा झोपाळा की त्यावर एक उंच माणूस पाय पसरून झोपावा. पितळी कड्या, त्यांवर हत्ती आणि मोर. मावशी एकट्याच असतात. मी फोन केला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की माणूस आजारी म्हणजे कितपत. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, येऊन ने.

शनिवारी मी विठूचा टेम्पो ठरवला. विठू हंगामात आंब्याच्या पेट्या वाहतो आणि एरवी जे मिळेल ते. त्याच्या हौद्यावर ताडपत्री टाकायला लोखंडी पाइपांची चौकट आहे. पावसला पोचलो तेव्हा बागेत मोहोर इतका आला होता की वासाने डोकं हलकं व्हावं. मावशींनी पन्हं नव्हे, दूधच दिलं, आणि मग नियम सांगितले. एक, फळीच्या कड्या काढायच्या नाहीत. दोन, फळी जमिनीला टेकवायची नाही. पहिला नियम मोडायचा मी चोरून प्रयत्न केला, पण खाऱ्या हवेने कड्या फळीशी अशा जडल्या होत्या की बोट सोलवटलं आणि मोर तसाच. दुसरा नियम मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. बहुधा मावशींनी तो आदल्या रात्री केला असावा. पण ज्याची वस्तू त्याचा कायदा. गोदामाची किल्ली सांभाळणाऱ्याला हे कळतं.

आता कड्या न काढता, फळी न टेकवता एवढा ऐवज न्यायचा कसा? विठूने वर पाइपांकडे पाहिलं, खाली झोपाळ्याकडे पाहिलं आणि दोन गड्यांच्या मदतीने तो सरळ चौकटीला टांगून टाकला. हौद्यात झोपाळा असा दिसू लागला जणू टेम्पो त्यासाठीच बनवला होता. मी विठूचं कौतुक करून पुढे त्याच्याशेजारी जाऊन बसलो.

टेम्पो मावशींच्या बेड्यातून, म्हणजे अंगणाच्या फाटकातून, बाहेर पडला, आणि विठूने आरशात बघून करकचून ब्रेक दाबला. झोपाळा हलत होता. रिकामा.

आता रिकामा झोपाळा हलवू नये हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. लहानपणी पाटावर पाय वाजवला म्हणून जेवढा मार खाल्ला नाही तेवढा रिकामा झोपाळा ढकलला म्हणून खाल्ला आहे. का हलवू नये ते मात्र कोणी सांगत नाही. सांगितलं असतं तर कदाचित ती भीती तरी गेली असती. मी विज्ञानाचा पदवीधर आहे. प्रकाशाचं वक्रीभवन मला चांगलं समजतं. मी विठूला म्हटलं की हे सगळं आपल्या मनाचे खेळ आहेत, आणि दोरीने बांधून टाक. त्याने बांधला. पहिल्याच वळणावर झोपाळ्याने हौद्याची एक फळी खिळ्यांसकट उपटली.

विठू खाली उतरून माझ्या खिडकीशी आला. "शेट, रिकामा झोपाळा हालवत आजारी मान्साच्या दारात न्यायचा नाय. माज्यानं होनार नाय. वर कोनतरी बसाया पायजे."

कोनतरी म्हणजे कोण, याचा आम्ही दोघांनी विचार केला. टेम्पो चालवायला एकच जण लागतो आणि तो मी नव्हतो. मी विज्ञानाचा पदवीधर आहे हे पुन्हा एकदा मनाशी म्हटलं, आणि हौद्यात चढून झोपाळ्यावर बसलो.

खरं सांगायचं तर गोळपपर्यंत फार बरं वाटलं. रस्ता वळणावळणाचा, दोन्हीकडे जांभ्या दगडाच्या कुंपणभिंती, म्हणजे गडगे, त्यांवरून आत डोकावणाऱ्या मोहोराच्या फांद्या. टेम्पो डावीकडे वळला की मी उजवीकडे जायचो, सावकाश, आणि परत यायचो. ऊन आणि सावली पायांवरून सरकत होती. कड्या कुरकुरत होत्या. दुकानात बसून बसून मी विसरलोच होतो की माणसाचं वजन कधी कधी दुसऱ्या कुणीतरी उचललेलं असू शकतं. मी एक पाय वर घेतला. मग दुसरा घेतला. मग जरा कलंडलो, फळीला दुधाचा आणि तेलाचा जुना वास होता.

मला स्वप्न पडलं की मी भाट्याच्या वाळूत खुर्ची टाकून समुद्राचे डोळे तपासतो आहे. अक्षरांचा तक्ता क्षितिजावर टांगला होता. वरची ओळ त्याने झटकन वाचली. खालची वाचायला तो पुढे पुढे येत होता आणि मी सांगत होतो, मागे व्हा, जागेवरून वाचा. तो ऐकत नव्हता. त्याला नंबर होता हे उघड होतं, फक्त एवढ्या मोठ्या काचा आणायच्या कुठून हा प्रश्न होता.

जाग आली तेव्हा टेम्पो थांबला होता. भाट्याचा पूल कधीच मागे पडला होता. आम्ही मारुती मंदिराच्या चौकात उभे होतो, भर गर्दीत, आणि मी दोन्ही पाय पोटाशी घेऊन झोपाळ्यावर कुशीवर होतो. फुटपाथवर माझी तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यातल्या एका गृहस्थांना लांबचं अंधुक दिसतं म्हणून मी आठवड्यापूर्वीच नवा चष्मा करून दिला होता. त्यांनी तो नाकावर नीट बसवला आणि मला अगदी स्पष्ट पाहिलं. चांगला चष्मा बनवल्याचा मला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला. कोणीतरी मोबाइल वर धरला होता. एका बाईंनी हात जोडले, का ते त्यांनाच माहीत.

वाहतुकीचे हवालदार हौद्याभोवती एक चक्कर मारून आले. त्यांनी विठूला विचारलं की हे काय आहे. विठू म्हणाला, झोपाळा. हवालदार म्हणाले, झोपाळा दिसतोय, त्याच्यावर काय आहे. मालाच्या गाडीत प्रवासी बसवता येत नाही हे विठूला पाठ आहे. तो शांतपणे म्हणाला, "वजन."

मी उठून बसलो आणि वजन या नात्याने शक्य तेवढा निर्जीव चेहरा केला. हवालदारांनी विचारलं, बांधलं का नाही. विठूने सगळं सांगितलं, आजारी माणूस, मावशी, रिकामा झोपाळा. हवालदारांचा चेहरा बदलला. ते स्वतः संगमेश्वरकडचे निघाले, त्यांच्या आजीने तर म्हणे रिकामा झोपाळा हलू नये म्हणून त्यावर पाटा-वरवंटा ठेवलेला असे. त्यांनी आम्हाला वाट करून दिली आणि मला बजावलं, की मध्ये उठायचं नाही.

सागरदर्शनच्या फाटकात आप्पा उभे होते. आप्पा म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, चौथ्या मजल्यावर राहतात, सारंगांच्या बरोबर डोक्यावर. त्यांनी विचारलं की हुक कुठे मारणार. मी म्हटलं, हॉलच्या स्लॅबला. आप्पांनी डोळे मिटून घेतले. स्लॅब ही खालच्या माणसाचं छत असली तरी वरच्या माणसाची जमीन असते, तेव्हा वरच्या फ्लॅटच्या मालकाचा ना-हरकत दाखला लागेल. मी म्हटलं, वरच्या फ्लॅटचे मालक तुम्हीच. ते म्हणाले, हो, आणि मालक म्हणून माझी काहीच हरकत नाही, सारंग माझ्या भावासारखे. पण सेक्रेटरी म्हणून तो दाखला मला स्वीकारता येणार नाही. स्वतःचा दाखला स्वतःच स्वीकारला तर उद्या लोक काय म्हणतील. तो कमिटीपुढे ठेवावा लागेल. कमिटी कधी बसते, असं विचारलं तर अध्यक्ष मुलाकडे पुण्याला गेले होते आणि होळीला परत येणार होते.

माझा तोल सुटत चालला होता, पण मी झोपाळ्यावर होतो. झोपाळ्यावर बसून भांडता येत नाही. मुद्दा मांडेपर्यंत माणूस मागे जातो. शिवाय फळी लिफ्टमध्ये मावत नव्हती आणि जिन्याच्या वळणावर वळत नव्हती, हे विठूने मध्येच टेपने मोजून जाहीर केलं. म्हणजे दाखला मिळाला असता तरी आम्ही तिथेच असतो. तेवढ्यात स्कूटरवरून कमळाताई आल्या. त्यांना मी चौकात झोपलेला असतानाचा फोटो पोचला होता. त्या हेल्मेट काढून माझ्याकडे नुसतं पाहत राहिल्या. त्या नजरेने एके काळी अख्खे वॉर्ड झाडून स्वच्छ झाले आहेत.

मी मनातून पार खचलो. मंगळवार तोंडावर आला होता. ज्या माणसासाठी हे केलं तो तिसऱ्या मजल्यावर जागा होता आणि त्याचा झोपाळा खाली पार्किंगमध्ये होता. मी ज्ञानेश्वरीला जिन्यात शब्द दिला होता आणि आता तिला तोंड दाखवायची मला लाज वाटत होती.

मग लिफ्टचं दार उघडलं आणि सारंग बाहेर आले. अंगावर स्वेटर, डोक्याला मफलर, एका बाजूला ज्ञानेश्वरी, दुसऱ्या बाजूला मालनकाकी गोधडी घेऊन. त्यांनी बाल्कनीतून सगळं बघितलं होतं. ते हौद्याशी आले, पितळी कडीवरून हात फिरवला, वर पाइपाला मारलेली गाठ बघितली आणि ती सोडून पुन्हा मारली. मग म्हणाले, मला वर घ्या.

आम्ही घेतलं. मी उतरलो, ते बसले. पायाने रेटा देऊन बघितला, झोपाळा दोनदा पुढेमागे गेला आणि ते नापसंतीने मान हलवू लागले. त्यांनी विठूला हाक मारली आणि म्हणाले, "चालव."

ज्ञानेश्वरीने नाही म्हटलं. आप्पांनी वाहन आणि इमारत यांतला संबंध संपतो तिथे सेक्रेटरीची जबाबदारी संपते असं काहीतरी म्हटलं. कमळाताईंनी सारंगांच्या मनगटावर बोट ठेवलं, घड्याळ बघितलं, आणि विठूला सांगितलं की वीसच्या वर काटा गेला तर त्यांच्याशी गाठ आहे, त्या स्वतः पुढे स्कूटरवर असतील. ज्ञानेश्वरी केबिनमध्ये बसली. मालनकाकी आंब्याच्या एका उपड्या क्रेटवर झोपाळ्याच्या पायथ्याशी बसल्या. मी पाइप धरून उभा राहिलो, कारण मंडळाचं साहित्य जाईल तिथे साहित्यप्रमुख जातो.

दुपार कलली होती. उतार उतरून पूल ओलांडला आणि आम्ही भाट्याच्या सुरूंच्या बाजूने निघालो. पुढे कमळाताईंची स्कूटर, जेमतेम चालत होती. सारंग फळीवर आडवे झाले होते, गोधडी हनुवटीपर्यंत. टेम्पो हळू हळू डुलत होता, झोपाळा त्याहून हळू. सुरूंच्या मधून समुद्र दिसायचा, जायचा, परत दिसायचा. मागून येणाऱ्या गाड्याही का कोण जाणे हॉर्न न वाजवता बाजूने निघून गेल्या. सारंगांचे डोळे मिटले.

मालनकाकी त्यांच्याकडे बघत होत्या. एक हात कडीवर, दुसरा गोधडीवर त्यांच्या छातीशी. टेम्पो एका खड्ड्यातून मऊपणे गेला, त्यांची मान जराशी खाली आली, मग आणखी खाली आली, आणि फळीच्या कडेला टेकली. त्या झोपल्या. इतक्या पटकन माणूस झोपलेला मी पाहिला नव्हता. तोंड किंचित उघडं, कपाळावरची आठी पुसून गेलेली. एकदम जाणवलं की या बाई दिसतात तेवढ्या म्हाताऱ्या नाहीत.

सारंगांनी एक डोळा उघडला.

"झोपली?" त्यांनी ओठांनीच विचारलं.

मी मान डोलावली. मग मला राहवलं नाही. मी वाकून म्हटलं, "सारंगकाका, तुम्ही झोपला नव्हता?"

"मी कसा झोपनार? मी डोळे मिटले की ही उठून बसते. माज्या नाकासमोर हात धरते. रातभर. मी हाय का गेलो बगत." झोपाळा एकदा जाऊन आला. "मग मी डोळे मिटायचांच सोडलां. मी जागा हाय दिसला की ही जरा तरी टेकते. पन मी जागा म्हनून ही परत जागी. दोन डोस झाले, दोनी वेळा असांच झालां. तिसऱ्याला गेलो तर माझां काय होईल ता होईल, पन ही जागून जागून मरंल, शिवलकर."

खाट, जायफळ, समुद्राची गाज, हत्ती-मोरांच्या कड्या, सगळं डोळ्यांपुढून गेलं. या घरात न झोपणारी माणसं दोन होती आणि आम्ही एकालाच झोपवायला धावत होतो.

ते पुढे बोलत होते, अगदी हळू, फळीवरचं ते डोकं जागं होऊ नये म्हणून. बोटीवर सगळे झोपू शकतात याचं कारण समुद्र नव्हे, म्हणाले. कारण असं की वर एक जण वॉचवर, म्हणजे पहाऱ्यावर, असतो. तो जागा आहे हे खाली सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या घरात दोघंही वॉचवर, आणि उतरवायला कोणी नाही.

"तुमी घ्याल वॉच?" त्यांनी विचारलं. "आता जरा वेळ. मग मुंबैला, डोस झाला की. तुमच्या मंडळात कोन ना कोन असंल."

"असेल," मी म्हटलं. "मी असेन. काय करायचं असतं?"

"काय नाय. जागां ऱ्हायचां. काय झालां तर हाक मारायची."

"आणि मंगळवार?"

"जाऊ मंगळवारी. पोरीला सांगा. पन आता नको, ही जागी होईल."

त्यांनी गोधडीचं एक टोक मालनकाकींच्या खांद्यावर ओढून दिलं, हात तसाच तिथे ठेवला आणि डोळे मिटले. या वेळी खरंच मिटले. थोड्या वेळाने हात जड झाला हे मला नुसतं बघून कळलं. आयुष्यभर मी लोकांचे उघडे डोळे तपासले. वर बघा, खाली बघा, उजेडाकडे बघा. मिटलेल्या डोळ्यांकडे इतका वेळ बघायचं काम मला कोणी दिलं नव्हतं. त्यांची छाती गोधडीखाली वर येत होती आणि खाली जात होती, आणि फळीच्या कडेवर काकींचा श्वास वेगळ्याच चालीने चालला होता. मी दोन्हींवर लक्ष ठेवून होतो.

फणसोपच्या पुढे विठूने वेग आणखी कमी केला. त्याने मागच्या काचेवर बोट वाजवलं आणि खुणेने विचारलं, वळवू का. त्याच्या शेजारी ज्ञानेश्वरी मान मागे वळवून बघत होती, आईकडे, वडिलांकडे, आणि मग माझ्याकडे.

मी मान हलवून नाही म्हटलं आणि हाताने पुढचा रस्ता दाखवला.